प्वेब्लो लोकांची कड्यातली गावं: चौदा जणांचा गट, वाटाड्या कुठे सक्तीचा, कुठे नाही?

पायवाट_१४

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चौदा जण अमेरिकेतल्या फोर कॉर्नर्स भागात (कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना ही चार राज्यं जिथे भेटतात तिथे) जाणार आहोत, प्वेब्लो या तिथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांची जुनी गावं बघायला. मेसा व्हर्डे, चाको आणि कॅन्यन डी शे नक्की. वेळ उरला तर युटातल्या बेअर्स इअर्स या संरक्षित भागातली एखादी घळ. हातात पूर्ण सहा दिवस आहेत. गटात सगळ्यात लहान ११ वर्षांचा, सगळ्यात मोठे ७१ वर्षांचे. दोघांच्या गुडघ्यांची तक्रार आहे, एकीला उंचावरून खाली बघवत नाही.

पुरातत्त्वज्ञ बरोबर देणारी तयार सहल घ्यावी, की आपण आपलं जाऊन जागोजागी स्थानिक वाटाडे घ्यावेत? वाटाड्याशिवाय आत सोडतच नाहीत अशा जागा कोणत्या? चौदाच्या चौदा तिकिटं एकाच वेळेची मिळतात का? पंधरा सीटची एकच व्हॅन घेतली की भागेल असं वाटतंय. शिवाय सगळ्यांचे पैसे एकाकडे जमा करायचे आणि आयोजनाची दगदग करणाऱ्याला त्यातून थोडं मानधन द्यायचं असं काहींचं म्हणणं आहे. त्याला काही हरकत नसावी ना?

दगडधोंडे

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच सगळ्यात जास्त अंगाशी येऊ शकतो. मानधनाचा विचार सोडून द्या. बेअर्स इअर्समधली बहुतेक जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएमकडे आहे. त्यांच्या नियमात गट खासगी कधी धरायचा हे स्पष्ट लिहिलंय: सगळ्यांनी प्रत्यक्ष झालेला खर्च वाटून घेतला, कुणाला पगार किंवा नफा मिळाला नाही आणि पैसे देऊन जाहिरात केली नाही, तर खासगी. आयोजकाच्या खिशात काही राहिलं की सहल व्यावसायिक ठरते आणि त्यासाठी वेगळं विशेष परमिट लागतं, ते महिनोन् महिने आधी मागावं लागतं. नॅशनल पार्क सर्व्हिसचंही तसंच आहे, तिथे त्याला कमर्शियल यूज ऑथोरायझेशन म्हणतात. आयोजकाला जेवण घाला, शाल-श्रीफळ द्या, पण रोख रक्कम नको.

आता वाटाड्याचं. गोंधळ होतो तो या जागा तीन वेगवेगळ्या मालकांच्या आहेत हे लक्षात न घेतल्यामुळे. नकाशावर सगळे ठिपके एकाच रंगाचे दिसतात.

पार्क सर्व्हिसच्या जागा, म्हणजे मेसा व्हर्डे, चाको, होव्हनवीप, अ‍ॅझ्टेक रुइन्स. यातल्या चाको, होव्हनवीप आणि अ‍ॅझ्टेकमध्ये आखलेल्या वाटांवरून आपलं आपण फिरता येतं. मेसा व्हर्डेत मात्र क्लिफ पॅलेस, बाल्कनी हाउस आणि लाँग हाउस या तिन्हींत रेंजरबरोबर तिकीट काढूनच जाता येतं. स्प्रूस ट्री हाउस २०१५ पासून बंद आहे, वरून दगड सुटून पडतात म्हणून. ते समोरच्या बाजूने लांबून बघायचं.

आदिवासी राष्ट्रांच्या जमिनीवर त्यांचा वाटाड्या सक्तीचा. कॅन्यन डी शे नावाला नॅशनल मॉन्युमेंट आहे (१९३१ पासून), पण जमीन नावाहो राष्ट्राची, आणि खाली आजही नावाहो कुटुंबं शेती करतात, मेंढ्या पाळतात. घळीच्या तळात अधिकृत नावाहो वाटाड्या घेऊनच उतरायचं. वरच्या कडेने जाणारे उत्तर आणि दक्षिण रिमचे दोन्ही रस्ते मात्र मोकळे आहेत, वाटाड्या नको, प्रवेशशुल्कही नाही. मेसा व्हर्डेला दक्षिणेकडून लागूनच यूट माउंटन ट्रायबल पार्क आहे, सुमारे सव्वा लाख एकर. तिथे यूट वाटाड्याशिवाय एक पाऊलही टाकता येत नाही. न्यू मेक्सिकोतल्या सांता क्लारा प्वेब्लोच्या प्वे इथली कड्यातली घरंही त्यांच्याच वाटाड्याबरोबर बघायची.

तिसरी बीएलएमची जमीन. बेअर्स इअर्समधल्या सीडर मेसाच्या घळींत वाटाड्या सक्तीचा नाही, दिवसाचं परमिट लागतं. पण गटाची कमाल संख्या १२ आहे. तुम्ही १४. म्हणजे दोन गट, दोन परमिटं, आणि खरोखर वेगवेगळ्या घळींत किंवा वेगवेगळ्या दिवशी. दहा मिनिटांच्या अंतराने निघून आत एकत्र जमायचं, ही पळवाट रेंजरांना चांगली माहीत आहे. तिथल्या मून हाउस या जुन्या घरांना तर दिवसाला एकूण २० माणसांनाच परमिट मिळतं, ते तुमच्या यादीतून काढूनच टाका.

शिडी_आणि_बोगदा

मेसा व्हर्डेची तिकिटं: रिक्रिएशन डॉट गव्ह या साइटवर फेरीच्या बरोबर १४ दिवस आधी, माउंटन टाइमप्रमाणे सकाळी ८ वाजता खुली होतात. २४ सप्टेंबरची फेरी हवी असेल तर १० सप्टेंबरला. पूर्व किनाऱ्यावर तेव्हा १० वाजलेले असतात, पश्चिमेला ७. सध्या माणशी ८ डॉलर, पार्कचं प्रवेशशुल्क वेगळं. लोकप्रिय वेळा काही मिनिटांत जातात. चौदा जण एकाच फेरीत कोंबायचा हट्ट धरू नका. दोघांनी दोन खात्यांवरून सात-सात घ्या, लागोपाठच्या दोन फेऱ्या मिळाल्या तरी चालतंय. तसंही सात जण रेंजरजवळ उभे राहून ऐकू शकतात, चौदा जणांचं निम्मं शेपूट मागे गप्पा मारतं.

हमखास होणारी चूक म्हणजे तिकिटावरच्या वेळेला व्हिजिटर सेंटरवर पोचणं. व्हिजिटर सेंटर पार्कच्या दाराशी, अगदी पायथ्याला आहे. क्लिफ पॅलेस तिथून वीसेक मैल वर, घाटरस्त्याने, आणि पाऊण ते एक तास लागतो. तिकिटावरची वेळ वरच्या जागेवर हजर असण्याची आहे. उशीर झाला तर फेरी थांबत नाही आणि पुढच्या फेरीत जागा मिळेलच असं नाही.

आता कुणी कुठे जावं.

क्लिफ पॅलेस: उंचसखल दगडी पायऱ्यांनी खाली उतरणं, मग आठ-दहा फुटांच्या चार शिड्यांनी वर येणं. एकूण चढ शंभरेक फूट, चाल पाव मैलाच्या आसपास. गुडघे दुखत असले तरी उतरताना वेळ दिला तर बऱ्याच जणांना जमतं. दीडशेच्या आसपास खोल्या आणि वीसहून अधिक किवा (जमिनीत उतरलेल्या गोल खोल्या) एका कपारीत, तेव्हा एकच फेरी करायची तर हीच.

बाल्कनी हाउस: सुरुवातीलाच ३२ फुटांची शिडी. शेवटी १२ फूट लांब आणि १८ इंच रुंद बोगदा, ज्यातून गुडघे-कोपरांवर रांगत जायचं. मग ६० फूट उघडा कडा, खोदलेल्या पायऱ्या आणि १७ फुटांच्या दोन शिड्या. उंचीची भीती असलेल्या बाईंना इथे नेऊ नका, गुडघेवाल्यांनाही नको. शिडीपर्यंत जाऊन बघू, नाहीच जमलं तर परतू असं म्हणणारे असतात. मागे रांग उभी राहते आणि अर्ध्या शिडीवर थबकलेला माणूस सगळ्यांनाच घाबरवतो. ११ वर्षांच्या मुलाला मात्र हेच सगळ्यात आवडेल.

लाँग हाउस: जाऊन-येऊन सव्वादोन मैल, पंधरा फुटांच्या दोन शिड्या, साधारण दोन तास. गर्दी कमी. पण ते वेदरिल मेसा या सपाट माथ्याच्या डोंगरावर आहे आणि तिथल्या रस्त्यावर २५ फुटांपेक्षा लांब किंवा ८,००० पौंडांपेक्षा जास्त ग्रॉस वजनाच्या (माणसं-सामानासकट कमाल वजन) गाड्यांना बंदी आहे. पंधरा सीटच्या व्हॅनचं नोंदलेलं ग्रॉस वजन बहुतेक वेळा त्याहून जास्तच असतं. चालकाच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचा, तिथे आकडा असतो.

ज्यांना शिड्या नको त्यांच्यासाठी मेसा टॉप लूप आहे. सहा मैलांचा गाडीरस्ता, मध्ये थांबे, जमिनीत खोदलेल्या जुन्या खड्डाघरांपासून सन पॉइंटपर्यंत. सन पॉइंटवरून समोरच्या कड्यातलं क्लिफ पॅलेस अख्खं दिसतं. दुर्बीण घ्या.

फेरीत फक्त पाणी नेता येतं. खाऊ, च्युइंगगम, गोळ्या, कॉफी काही नाही. सांडलेल्या अन्नामागे उंदीर येतात, आणि उंदीर जुन्या भिंतींच्या पायात बिळं करतात.

काळी_पांढरी_खापरी

दगडधोंड्यांशी सहमत, एक भर. तयार सहली सरसकट महागड्या म्हणून उडवून लावू नका. मेसा व्हर्डेजवळच्या कॉर्टेझ गावातलं क्रो कॅन्यन आर्किऑलॉजिकल सेंटर १९८३ पासून काम करतंय, त्यांच्या अभ्याससहलींत पुरातत्त्वज्ञ असतात आणि प्वेब्लो अभ्यासकही असतात. त्यांचं परमिट, विमा, वाहन सगळं त्यांचं त्यांनी पाहिलेलं असतं. तुमच्या गटाला मात्र मी ते सुचवणार नाही, कारण ११ ते ७१ हा पल्ला एका वेगाने चालत नाही आणि अशा सहलीचा वेग ठरलेला असतो.

मधला मार्ग: स्वतः फिरा, पण एक पूर्ण दिवस चांगल्या वाटाड्यावर खर्च करा. तो दिवस यूट माउंटन ट्रायबल पार्कचा असावा असं माझं मत. अर्ध्या दिवसाच्या फेरीत चाल कमी, शिलाचित्रं आणि खापऱ्या भरपूर. पूर्ण दिवसाच्या फेरीत लायन कॅन्यनमधली कड्यातली चार गावं, शिड्यांसकट. भेटायची जागा कॉर्टेझच्या दक्षिणेला सुमारे वीस मैलांवर, हायवे १६० आणि ४९१ च्या तिठ्यावर. फोन करून आधी जागा राखावी लागते. आत ना पेट्रोल ना दुकान, रस्ते खडीचे, टाकी भरून आणि डबा बांधून जायचं. तिथे माणसं तुरळक असतात. मेसा व्हर्डेत रेंजरला घड्याळ बघत पुढच्या फेरीसाठी जागा मोकळी करावी लागते, इथे एका भिंतीसमोर अर्धा तास उभं राहता येतं.

आणि उभं राहून बघण्यासारखं काय असतं ते सांगते, कारण वाटाड्याने दाखवल्याशिवाय नजर त्यावर थांबत नाही. भिंतीतल्या दोन दगडांमधल्या मातीच्या लगद्यात बारीक चिपा दाबलेल्या दिसतील. लगदा सुकताना आकसतो, चिपा त्याला आकसू देत नाहीत आणि वरच्या दगडाचा भार पेलतात. काही ठिकाणी चिपेच्या बाजूला बोटांचे ठसे आहेत, ओल्या मातीत अंगठ्याने दाबलेले. कुठे दाणे काढलेलं मक्याचं कणीसच लगद्यात खुपसलेलं असतं. छताच्या तुळईच्या टोकाला पेन्सिलीएवढं गोल भोक दिसलं तर ते वाळवीचं नव्हे: तिथून लाकडाचा बारीक नमुना काढून वर्तुळं मोजलेली आहेत. वर्तुळांवरून वर्ष काढायची ही पद्धत ए. ई. डग्लस यांनी १९२९ मध्ये याच भागात पक्की केली. क्लिफ पॅलेसचं बरंचसं बांधकाम ११९० ते १२८० च्या दरम्यानचं, हे तिच्यामुळेच इतकं नेमकं सांगता येतं.

किवा नुसती 'पूजेची जागा' म्हणून सांगून पुढे जाणारा वाटाड्या कच्चा समजा. मध्ये चूल, चुलीसमोर उभी एक दगडी पाटी, आणि पाटीच्या मागे भिंतीत हवा यायचं बोगद्यासारखं भोक. चूल पेटली की धूर छतातल्या दारातून वर जातो, त्याची जागा घ्यायला बाहेरची थंड हवा भोकातून खाली येते, पाटीवर आपटून दोन्हीकडे फाकते, आणि जाळ विझत नाही, बसलेल्यांच्या अंगावर झोतही येत नाही. चुलीच्या पलीकडे जमिनीत एक लहान खळगा असतो, सिपापू. माणसं खालच्या जगातून या जगात आली ती वाट, अशी प्वेब्लो लोकांची श्रद्धा. त्यात नाणी टाकू नका. लोक टाकतात!

पायवाट_१४

मानधनाचा विषय बंद केला. एक व्हॅनही रद्दच म्हणायची का? आणि चाकोचा रस्ता खराब आहे एवढंच सगळीकडे वाचलंय. म्हणजे नक्की किती खराब?

उत्तर_दिशा

व्हॅन रद्दच. दोन मोठ्या आठ सीटर एसयूव्ही घ्या. तिसरी रांग उघडली की डिकी संपते, तेव्हा माणशी एकच मध्यम बॅग, तीही मऊ. सात-सात झाल्यावर सीडर मेसाचा बाराचा प्रश्नही सोपा होतो.

चाको: हायवे ५५० वरून काउंटी रोड ७९०० आणि मग ७९५०. एकूण २१ मैल, पहिले ८ डांबरी, उरलेले १३ कच्चे, त्यातले साडेचारेक फारच उखडलेले. कोरड्या दिवशी साधी सेडानही जाते, ताशी १५-२० मैलांनी, सगळे खिळे वाजवत. पावसानंतरची गोष्ट वेगळी. तिथली माती चिकण आहे, भिजली की साबण होते, आणि मध्ये पाणी आडवं वाहतं तेव्हा फोर-व्हील ड्राइव्हही उपयोगाची नसते. जुलै ते सप्टेंबर दुपारच्या वळवासारख्या सरींचा काळ, तुमचा आठवडा त्याच्या शेपटाला येतो. आदल्या संध्याकाळी आणि निघताना पार्कला फोन करून रस्ता विचारा. चाकोसाठी एक राखीव दिवस ठेवा. त्या दिवशी पाऊस झालाच तर अ‍ॅझ्टेकला जा.

तीन गोष्टी लोकांना भोवतात. जीपीएस दक्षिणेकडच्या वाटेने घालतं, ती वाट बऱ्याचदा जाण्याजोगी नसते. फोनवरचा रस्ता काहीही सांगो, ५५० सोडून दुसरीकडून जाऊ नका. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला मनाई असते, म्हणजे तिथे टायर फाटला किंवा गाडी रुतली तर विमा हात वर करतो; करार सही करण्याआधी वाचा आणि वेगळं संरक्षण मिळतंय का विचारा. पेट्रोल आणि जेवण आत मिळत नाही. टाकी ब्लूमफिल्डला किंवा ५५० वरूनच दक्षिणेकडून येत असाल तर क्युबा नावाच्या गावात भरा. पिण्याचं पाणी फक्त व्हिजिटर सेंटरला मिळतं, माणशी चार लिटर गाडीत असू दे.

आत गेल्यावर ९ मैलांचा डांबरी लूप आहे, मोठी घरं त्याच्या कडेलाच. त्यांतल्या प्वेब्लो बोनितोला निदान दोन तास द्या. साडेसहाशेच्या वर खोल्या, काही ठिकाणी चार-पाच मजले, साधारण ८५० ते ११५० या तीनशे वर्षांत वाढत गेलेलं बांधकाम. भिंत तुटली आहे तिथे तिचा छेद बघा: मधे ओबडधोबड दगड-मातीचा गाभा, दोन्ही अंगांना पातळ वालुकाश्माच्या चकत्यांचा नेटका मुखवटा. मुखवट्याची वीण दर काही पिढ्यांनी बदलते, त्यावरून कुठली भिंत आधीची ते ओळखतात. आणि घळीत मोठं झाड नावाला नाही. या सगळ्या मोठ्या घरांच्या छतांसाठी दोन लाखांवर झाडं लागली असा अंदाज आहे, ती ७५ किलोमीटर आणि त्याहून दूरच्या डोंगरांवरून आणलेली. चाक नव्हतं, ओढायला जनावर नव्हतं.

दारं बुटकी आहेत. पार्कचा फलक सांगतो त्याच दारांतून जा, टोपी काढून, आणि वाकताना आधारासाठी चौकटीला हात लावू नका. वाकून लगेच सरळ होणाऱ्यांची डोकी वरच्या लाकडावर आपटतात. डोकं बरं होतं, नऊशे वर्षांचं लाकूड नाही.

मेंढवाडा

कॅन्यन डी शेबद्दल. घळीच्या तोंडाशी असलेल्या चिन्ले गावात राहायची सोय आधीच करा, हॉटेलं मोजकी आहेत. खाली जायला उघड्या किंवा बंद फोर-व्हील गाड्या, घोडे, किंवा पायी, तिन्ही प्रकारचे नावाहो वाटाडे मिळतात. चौदा जणांसाठी दोन गाड्या मागा, आणि गुडघेवाल्यांसाठी बंद जीप. उघड्या ट्रकच्या बाकावर वाळूतले हादरे कमरेला बसतात. अर्ध्या दिवसाची फेरी पुरते. आदल्या आठवड्यात पाऊस झाला असेल तर तळाच्या वाळूत गाड्या रुततात आणि फेऱ्या रद्द होतात, म्हणून पैसे परत मिळण्याची अट आधी विचारून ठेवा. भाड्याच्या गाडीने तळात जाता येईल का हे विचारूसुद्धा नका.

वेळेचा घोळ लक्षात ठेवा. अ‍ॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे नेत नाही. नावाहो राष्ट्र नेतं, अ‍ॅरिझोनातल्या भागातसुद्धा. होपी राष्ट्र (होपी हेही प्वेब्लो लोकच) नेत नाही, आणि ते चारी बाजूंनी नावाहोंनी वेढलेलं आहे. म्हणजे सप्टेंबरमध्ये चिन्लेचं घड्याळ कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिकोशी जुळतं आणि होपी मेसांवर ते एक तास मागे. फोन कुठल्या टॉवरला चिकटेल सांगता येत नाही, तो मनानेच उड्या मारतो. बुकिंग करताना "नावाहो टाइम ना?" असं शब्दात विचारून लिहून घ्या.

नावाहो राष्ट्रात दारू बंद आहे, बहुतेक ठिकाणी विकतही मिळत नाही आणि बरोबर नेलेलीही चालत नाही. माणसांचे, घरांचे, मेंढ्या राखणाऱ्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. होपी गावांत तर फोटो, ध्वनिमुद्रण आणि चित्र रेखाटणंही मना आहे. फोन गाडीतच ठेवलेला बरा. कुठल्याही प्वेब्लो गावात नृत्य चालू असेल तर शेवटी टाळ्या वाजवायच्या नाहीत. तो कार्यक्रम नसतो.

काळी_पांढरी_खापरी

+१. आणि बोलताना 'अनासाझी' टाळा. तो नावाहो शब्द आहे, अर्थ साधारण 'शत्रूंचे पूर्वज'. आजच्या प्वेब्लो लोकांना आपल्या पणजोबांना शेजाऱ्यांनी दिलेलं ते नाव आवडत नाही. पार्कच्या पाट्यांवर आता 'पूर्वज प्वेब्लो' असंच असतं. होपी हिसात्सिनोम म्हणतात.

वाटाडी कंपनी निवडताना एक सोपी चाळणी: माहितीपत्रकात 'गूढरीत्या नाहीशी झालेली संस्कृती' असं असेल तर पुढची कंपनी बघा. १२७६ ते १२९९ मोठा दुष्काळ पडला, त्याआधीपासून समाजात ताण वाढला होता, आणि लोक दक्षिणेला-आग्नेयेला सरकले. होपी, झुनी, अकोमा, लागुना आणि रिओ ग्रांदेकाठची प्वेब्लो गावं, तिथे त्यांचे वंशज राहतात. मेसा व्हर्डेशी नातं सांगणारे पंचवीसहून अधिक आदिवासी समाज पार्कच्या यादीत आहेत. इतकी माणसं समोर असताना कसलं नाहीसं होणं.

दगडधोंडे

बेअर्स इअर्सची घळ करणार असाल तर तिथे रेंजर बरोबर नसतो, सगळी शिस्त आपली आपण पाळायची. गटातल्या प्रत्येकाला हे आधी सांगा, जागेवर पोचल्यावर कोणी ऐकत नाही.

कपारीखाली उतारावर राखाडी, भुसभुशीत माती दिसते. तो गावाचा उकिरडा. चढायला सोपी वाट वाटते आणि नेमके सगळे तिच्यावरून चढतात. पुरातत्त्वाच्या दृष्टीने घरापेक्षा तो मोलाचा: राख, बिया, हाडं, खापऱ्या थरांनी साठलेल्या असतात, आणि बरेचदा तिथेच माणसं पुरलेली असतात. चौदा माणसं एकदा चढली की थर घसरतात. बाजूच्या उघड्या खडकावरून जा. भिंतीला टेकायचं नाही, पाठपिशवी पुढे घ्यायची, कारण वळताना तीच गिलाव्याला घासते. चित्रांना हात नको, त्वचेचं तेल रंगात उतरतं. खडूने रेषा गिरवणं किंवा पाणी मारून रंग उठवणं याला नुकसानच म्हणतात.

खापरी उचलून बघितली तर जिथून उचलली तिथेच, त्याच बाजूने ठेवा. सपाट दगडावर 'प्रदर्शन' मांडलेलं दिसेल, त्यात भर घालू नका. जागेवरून हललेल्या तुकड्याचा संदर्भ गेला. खिशात घालणं हा १९७९ च्या कायद्याने संघीय गुन्हा आहे. पहिल्या वेळी १०,००० डॉलर दंड आणि एक वर्ष कैद इथपर्यंत, आणि नुकसानीचं मोल ५०० डॉलरच्या वर गेलं तर २०,००० आणि दोन वर्षं. मक्याचं कणीससुद्धा त्यात येतं. ११ वर्षांच्या मुलाला हे घरीच सांगून ठेवा, दंडाचा भाग वगळलात तरी चालेल.

फोटोवर ठिकाणाचा टॅग लावू नका. ड्रोन न्यायचाच नाही, पार्क सर्व्हिसच्या जागांत तो २०१४ पासून बंद आहे.

बंदिस्त खोल्यांत डोकावून धूळ उडवू नका. उंदरांच्या लेंड्यांच्या धुळीतून हंटाव्हायरस पसरतो. फुप्फुसांना ग्रासणारा त्याचा प्रकार १९९३ मध्ये पहिल्यांदा इथेच, फोर कॉर्नर्समध्ये ओळखला गेला. वाळूवर काळसर, खरबरीत पापुद्रा दिसला तर तो जिवंत असतो, शेवाळ-जंतूंचा. पाऊल पडलं की वर्षानुवर्षं भरून येत नाही. ओढ्याच्या वाळूतून किंवा खडकावरून चाला.

शिडी_आणि_बोगदा

गुडघेवाले दोघे आणि त्या बाई यांच्यासाठी, म्हणजे त्यांना गाडीत बसून वाट बघावी लागू नये:

अ‍ॅझ्टेक रुइन्स (न्यू मेक्सिको, अ‍ॅझ्टेक गावातच, अ‍ॅझ्टेक लोकांशी संबंध शून्य) अर्ध्या मैलाची जवळपास सपाट वाट, प्रवेश फुकट, आणि १९३४ मध्ये अर्ल मॉरिस यांनी पुन्हा उभारलेली मोठी किवा, छतासकट. आत जाता येतं. चाकोतली छत नसलेली किवा बघण्याआधी ही बघितली तर ते खड्डे समजतात. युटात हायवे ९५ च्या कडेला म्यूल कॅन्यन किवा आहे, गाडीतून उतरून दोन मिनिटांवर. ब्लँडिंगचं एज ऑफ द सीडर्स संग्रहालय भांड्यांसाठी. होव्हनवीपचा स्क्वेअर टॉवरचा दोन मैलांचा फेरा पूर्ण केला नाही तरी पहिल्या टप्प्यावरूनच बुरूज दिसतात.

उंचीही विसरू नका. क्लिफ पॅलेस सुमारे ७,००० फुटांवर आहे. समुद्रसपाटीवरून विमानाने येऊन दुसऱ्याच सकाळी शिड्या चढू नका. पहिला दिवस अ‍ॅझ्टेक किंवा होव्हनवीप ठेवा. ७१ वर्षांच्या काकांना रक्तदाबाची गोळी असेल तर डॉक्टरांना आधी विचारलेलं बरं.

पायवाट_१४

मग असं दिसतंय: पहिला दिवस अ‍ॅझ्टेक, दुसरा चाको, तिसरा मेसा व्हर्डे, चौथा यूट पार्क, पाचवा चिन्लेपर्यंत प्रवास आणि रिम, सहावा कॅन्यनचा तळ. सीडर मेसा गाळली. चाकोचा राखीव दिवस मात्र कुठेच बसत नाही.

उत्तर_दिशा

पहिला आणि दुसरा अदलाबदलीचे ठेवा, दोन्ही रात्री ब्लूमफिल्ड-फार्मिंग्टनकडेच मुक्काम. पहिल्या सकाळी रस्ता कोरडा असेल तर चाको उरकून घ्या, उंचीही जेमतेम ६,२०० फूट आहे आणि शिड्या नाहीत. भिजलेला असेल तर अ‍ॅझ्टेक. दोन्ही दिवस भिजले तर चाको गेलं असं समजा आणि मेसा व्हर्डेच्या तिकिटांना हात लावू नका, ती परत मिळणार नाहीत.